टाइल बसवण्याआधी जुना कोबा सपाट कसा करावा? (६०० × ६०० सिरॅमिक)

उंबरठा
खोली ४ × ३ मीटर. स्लॅबवर जुना सिमेंटचा कोबा आहे. त्यावर ६०० × ६०० मिमीची, ९ मिमी जाडीची सिरॅमिक टाइल बसवायची आहे. लांबीच्या बाजूने दोरी ताणली की मधोमध साधारण ७ मिमी खोलगट भरतं. दार एका कोपऱ्यात आहे आणि नेमका तिथेच उंचवटा आहे. शेजारच्या खोलीची फरशी दारापाशी या कोब्याच्या १० मिमी वर आहे, आणि दोन्ही खोल्यांची पातळी एक यावी अशी इच्छा आहे. शिवाय कोब्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत एक बारीक तडा आहे.

कारागिरांचं म्हणणं, "अ‍ॅडेसिव्ह कमी-जास्त टाकून जुळवून घेऊ, वर क्लिपा लावू." चालेल का? की आधी सेल्फ लेव्हलिंग (सिमेंटची पावडर पाण्यात कालवून ओतायचा, पसरून सपाट होणारा पातळ थर) ओतावं? की सरळ रेती-सिमेंटचा थर?

थापी
अ‍ॅडेसिव्हने जुळवून घेणं नको. ते चिकटवण्यासाठी आहे, भरण्यासाठी नाही. साध्या अ‍ॅडेसिव्हचा टाइल दाबल्यानंतरचा थर ३ ते ६ मिमी असावा लागतो. मोठ्या टाइलसाठी जाड थराचं अ‍ॅडेसिव्ह मिळतं, ते १२ मिमी किंवा त्याहून थोडं जास्त चालतं, पण मर्यादा गोणीवर छापलेली असते आणि तीच धरायची.

कारण असं: अ‍ॅडेसिव्हमधलं पाणी जातं तसा थर आकसतो. ३ मिमीचा थर थोडा आकसतो, ११ मिमीचा त्याच प्रमाणात जास्त. एका टाइलच्या एका कडेखाली ४ आणि दुसऱ्या कडेखाली ११ मिमी असेल, तर संध्याकाळी हात फिरवला तेव्हा गुळगुळीत लागलेला सांधा सकाळी वर-खाली लागतो. कारागिराचा हात चांगला असला तरी हे होतं, कारण ते त्याच्या हातात नसतंच.

दुसरं, जाड ढिगाऱ्यावर टाइल दाबली की खाचांच्या करणीने अ‍ॅडेसिव्हमध्ये ओढलेल्या रेघा पुरत्या मोडत नाहीत, मध्ये हवा राहते. मग तिथे ठोकल्यावर बद्द आवाज येतो आणि कपाटाचा पाय नेमका तिथे आला की टाइल तडकते.

पाणसळ
सेल्फ लेव्हलिंग की रेती-सिमेंट हे ठरवण्याआधी मापं घ्या. "मधोमध ७" एवढ्यावर काहीच ठरत नाही. लेझर असेल तर उत्तम, नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून चारी भिंतींवर एक आडवी रेघ मारा आणि रेघेरेघेत दोरी ताणा. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, एक बुडबुडा सगळी रेघ खोटी पाडतो.

मग जमिनीवर दर मीटरला खडूने फुली करा. भिंतीलगतची फुली भिंतीला खेटून नको, १० सेंमी आत घ्या, कारण कोपऱ्यात गिलाव्याचा माल सांडून सुकलेला असतो. ४ × ३ मध्ये ५ × ४ म्हणजे २० फुल्या होतात. प्रत्येक फुलीवर रेघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि तिथेच जमिनीवर लिहा. आकडा लहान तर जागा उंच, आकडा मोठा तर जागा खोल. हे उलटं लक्षात राहिलं की भलतीच जागा घासली जाते.

आकडे इथे टाका, मग बोलू.

उंबरठा
लेझरने घेतले. दाराच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत पाच ओळी, प्रत्येक ओळीत चार फुल्या, दार पहिल्या फुलीपाशी:

९८८ – ९९० – ९९३ – ९९४
९९० – ९९३ – ९९६ – ९९५
९९४ – ९९९ – १००१ – ९९७
९९३ – ९९८ – ९९९ – ९९५
९९२ – ९९३ – ९९४ – ९९३

शेजारच्या खोलीच्या फरशीवर आकडा ९७८ येतो.

पाणसळ
आता चित्र दिसलं. सगळा हिशेब दारापासून उलटा करायचा.

शेजारची फरशी ९७८. तुमची टाइल ९ मिमी. १० मिमी खाचांच्या करणीने ओढलेलं अ‍ॅडेसिव्ह टाइल दाबल्यावर साधारण ४ मिमी उरतं. ९७८ + ९ + ४ = ९९१. म्हणजे टाइलखालचा तयार पृष्ठभाग ९९१ वर हवा. तुमच्या दाराशी तो आज ९८८ आहे. तिथे भरायचं नाही, काढायचं आहे.

घासायचं नाही असं ठरवून सगळी खोली ९८८ ला आणली तर काय होतं तेही बघा. वीस आकड्यांची सरासरी ९९४.३५, म्हणजे सरासरी ६.३५ मिमी भराव. सेल्फ लेव्हलिंगची पावडर दर चौरस मीटरला, दर मिलिमीटरला साधारण १.७ किलो लागते. १२ × ६.३५ × १.७ = सुमारे १३० किलो, २५ किलोच्या सहा गोण्या. आणि एवढं करून दारात टाइल ३ मिमी वर येणार, ठेच लागायला पुरेशी.

दाराजवळचे तीन आकडे (९८८, ९९०, ९९०) ९९१ पर्यंत घासले तर सरासरी भराव ३.६ मिमी, म्हणजे ७३–७४ किलो. तीन गोण्या जेमतेम. घासायची जागा चौरस मीटर–दीड मीटर, बस.

लेव्हलचा फार बाऊ करू नका. टाइलला सपाटपणा लागतो. सगळी खोली एका दिशेला ४ मिमी उतरती असेल आणि पट्टीखाली उजेड दिसत नसेल, तर टाइल छान बसते. तुमच्या खोलीला तसा एकसंध उतार नाही, वाटीसारखा खोलगटपणा आहे, म्हणून भरावं लागतंय.

रंधा
पाणसळ यांचा हिशेब बरोबर, एक दुरुस्ती सुचवतो. ९९१ पर्यंत घासलं आणि ९९१ लाच ओतलं तर दारापाशी थराची जाडी शून्य होते. शून्यावर विरत जाणारा थर चालतो असं सगळीच उत्पादनं म्हणत नाहीत. पुष्कळांची किमान जाडी २ किंवा ३ मिमी असते. पातळ कड पाणी लवकर गमावते, भुसभुशीत राहते आणि पापुद्रा सुटतो. तेही नेमकं दारात, जिथे सगळ्यात जास्त वर्दळ.

म्हणून ९९३ पर्यंत घासा. चौथा आकडा, समोरच्या कोपऱ्यातला ९९२, तोही १ मिमी निघेल. आता भराव सरासरी ३.९५ मिमी, म्हणजे ८०–८१ किलो. चार गोण्या आणा, कुठेही २ मिमीपेक्षा पातळ थर राहत नाही आणि उरलेली पावडर मागाहून खाचा भरायला येते. उत्पादन किमान २ मिमी चालणारं आहे ना, तेवढं गोणीवर वाचून घ्या.

घासायला अँगल ग्राइंडरला डायमंड कप व्हील आणि धूळ ओढणारं आवरण, त्याला व्हॅक्यूम जोडलेला. उघड्या ग्राइंडरने कोबा घासला तर सिलिकाची बारीक धूळ घरभर होते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कापडी रुमाल पुरत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ किंवा त्यावरचा मास्क हवा. एका जागी चाक थांबवू नका, खळगा पडतो. थोडं घासा, पट्टी ठेवा, पुन्हा आकडा घ्या.

गुण्या
एवढा खटाटोप कशाला? पिढ्यान् पिढ्या रेती-सिमेंटच्या मालावर फरशा बसल्यात आणि टिकल्यात. माल पसरायचा, पट्टीने ओढायचा, वर सिमेंटची स्लरी (पातळ कालवण) आणि फरशी ठोकून बसवायची. लेव्हल आपोआप मिळते.

थापी
गुण्या, ती पद्धत वाईट नाही, जागा चुकतेय. त्या मालाला निदान २०–२५ मिमी जाडी लागते, इथे दारात टाइलसकट १० मिमी आहेत. ४ मिमीचा रेती-सिमेंटचा थर टाकला तर कोबा त्यातलं पाणी शोषून घेतो, सिमेंटला पकडायला वेळच मिळत नाही आणि थर पत्र्यासारखा सुटतो.

आणि जुन्या दगडी फरशीच्या पाठीला स्लरी चिकटायची, ती फरशी जडही असायची. आताच्या टाइलमध्ये फरक पडतो तो पाणी शोषण्याचा. जमिनीची सिरॅमिक टाइल बहुधा ३ ते ६ टक्के पाणी शोषते, व्हिट्रिफाइड ०.५ टक्के किंवा कमी. व्हिट्रिफाइडच्या पाठीत स्लरी शिरायला जागाच नाही. तिला पॉलिमर असलेलंच अ‍ॅडेसिव्ह लागतं.

जिथे खरोखर ३०–४० मिमी भरायचं आहे, तिथे मात्र रेती-सिमेंटचा थरच योग्य. एवढं सेल्फ लेव्हलिंग ओतणं म्हणजे पैशाची नासाडी आणि बऱ्याच उत्पादनांना एका थरात तेवढी जाडी चालतही नाही.

गुण्या
ठीक, ४ मिमीला माल चालणार नाही हे मान्य. पण जाड थर करायचा असेल तर पद्धत सविस्तर लिहा, धागा बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

थापी
लिहितो.

खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर टाचे मारून खरबरीत करायचा, झाडून-धुऊन ओला करायचा, पण डबकं नको. ओलसर, चकाकी गेलेला हवा. १ भाग सिमेंट, ४ भाग धुतलेली जाडसर रेती, मापाच्या डब्याने मोजून. फावड्याने अंदाज घेतला की दर घमेल्याला प्रमाण बदलतं. सिमेंट जास्त घालून "मजबूत" केलेला १:२ चा थर जास्त आकसतो आणि तडे जातात. फार बारीक, मातकट रेतीनेही तेच होतं.

पाणी कमी. मूठ दाबली की गोळा टिकला पाहिजे, बोटांतून पाणी सुटता कामा नये आणि गोळा मोडला तर दोन-तीन तुकडे व्हावेत, भुगा नाही.

आधी सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्सची (पकड वाढवणाऱ्या रबरी द्रवाची) स्लरी ब्रशने घासून लावा आणि ती ओली असतानाच माल टाका. सुकलेली स्लरी चिकटवण्याऐवजी तोडते. म्हणून एका वेळी दोन हात पुढे जाण्याइतकीच लावायची.

दर दीड मीटरला लेव्हलचे ठिय्ये (उंचीच्या खुणेसाठी मालाचे छोटे ढीग), ठिय्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, मग मधला भाग भरून थापीने चांगला ठोकून पट्टीने ओढायचा. जाड थर असेल तर दोन हप्त्यांत ठोका, पण दुसरा हप्ता पहिला ओला असताना. फक्त वरून ठोकलेला ५० मिमीचा थर खाली भुसभुशीत राहतो.

खालच्या काँक्रीटला चिकटलेला थर २५ ते ४० मिमी, मध्ये प्लॅस्टिक असेल आणि चिकटलेला नसेल तर किमान ५० मिमी, आणि खाली इन्सुलेशन असेल तर ६५ मिमी. सात दिवस प्लॅस्टिकखाली ओला ठेवा. त्यानंतर सुकायला पहिल्या ५० मिमीपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस, त्यापुढच्या जाडीला याहून जास्त.

उंबरठा
तड्याचं काय? आणि कोबा मुळात धड आहे की नाही हे कसं ओळखायचं?

सांधा
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! कोबा सुटलेला असेल तर वरचं सगळं वाया. त्यामुळे ग्राइंडर उचलण्याआधी हे तपासा:

हातोडीच्या दांड्याने किंवा लोखंडी गोळीने हातभर अंतरावर ठोकत सगळी खोली फिरा. ठणठणीत आवाज म्हणजे घट्ट, बद्द आवाज म्हणजे कोबा स्लॅबपासून सुटला आहे. बद्द जागेभोवती खडूने रेघ मारा. तळहाताएवढी असेल तरी तो भाग कडा सरळ कापून काढायचा आणि दुरुस्तीच्या मालाने भरायचा. सेल्फ लेव्हलिंग सुकताना आकसतं आणि खालच्या थराला ओढतं. अर्धवट सुटलेला कोबा तेव्हा पूर्ण सुटतो.

मग खिळ्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने चौकड्या ओरखडा. बारीक पांढरी रेघ उठली तर ठीक. पीठ निघालं, चौकडीचे कोपरे उडाले, तर वरचा कमकुवत थर घासून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिसरं, पाण्याचे थेंब टाका. मिनिटा-दोन मिनिटांत शोषले गेले आणि डाग गडद झाला तर कोबा सच्छिद्र आहे. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर तेल, मेण, रंग किंवा जुनं पॉलिश आहे. रेड ऑक्साइडच्या जुन्या कोब्यावर वर्षानुवर्षांचं पॉलिश हमखास असतं. ते यंत्राने घासूनच काढा. अ‍ॅसिडने धुतल्यास अ‍ॅसिड आणि क्षार आत राहतात आणि त्रास वाढतो.

खोली थेट जमिनीवर असेल, खाली मजला नसेल, तर ओल बघा. ४५ × ४५ सेंमीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तासांनी उचला. खाली पाण्याचे थेंब किंवा गडद डाग दिसला तर ओल वर येते आहे आणि ओल रोखणारं प्राइमर आधी लागेल. सिरॅमिक टाइलला ओलीचा त्रास लाकडाइतका होत नाही, पण सेल्फ लेव्हलिंगच्या थराला होतो.

आता तडा. तड्यावर आडवी स्टीलची पट्टी ठेवा. पट्टी डुगडुगली तर एक बाजू दुसरीपेक्षा वर आहे, म्हणजे कोबा किंवा स्लॅब हलला आहे. त्याला कुठलाही मेम्ब्रेन (टाइलखाली लावायचा लवचीक थर) उपाय नाही, आधी कारण शोधा. दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर तडा बहुधा आकसण्याचा आहे. खात्री हवी असेल तर तड्यावर दोन-तीन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसचे टिपके लावा आणि त्यावर तारीख लिहा. काही आठवडे टिपके शाबूत राहिले तर तडा शांत आहे.

शांत तडा: ग्राइंडरच्या पातळ चाकाने थोडा रुंद करा, व्हॅक्यूमने धूळ काढा, पातळ इपॉक्सी ओता आणि ओली असतानाच वर कोरडी रेती भुरभुरा, म्हणजे पुढचा थर पकडतो. मग प्राइमर, सेल्फ लेव्हलिंग. ते वाळल्यावर तड्याच्या रेषेवर तडा रोखणारा मेम्ब्रेन. पट्टा इतका रुंद हवा की तड्यावरून जाणारी प्रत्येक टाइल पूर्णपणे मेम्ब्रेनवर बसेल. अर्धी आत अर्धी बाहेर अशी टाइल सगळ्यात आधी फुटते. तड्याची रेषा लेव्हलरखाली (सेल्फ लेव्हलिंगच्या थराखाली) झाकली जाणार, म्हणून भिंतींवर दोन्हीकडे खूण करून ठेवा.

स्लॅबमध्ये मुद्दाम ठेवलेला एक्स्पान्शन जॉइंट (प्रसरणासाठीची फट) असेल तर मात्र तो भरून झाकायचा नाही. लेव्हलर आणि टाइल दोन्हीतून वरपर्यंत आणायचा आणि सीलंटने बंद करायचा.

गुण्या
सेल्फ लेव्हलिंगला प्राइमर लागतोच का? कोबा स्वच्छ असेल तरी? बरेच जण पाणी मारून ओततात.

रंधा
लागतोच. पाणी मारून ओतणाऱ्यांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी शेकडो भोकं दिसतात. कोब्याच्या छिद्रांतली हवा वर येते तीच ती भोकं. शिवाय कोबा पाणी ओढतो, मिश्रण जागच्या जागी घट्ट होतं, वाहतच नाही. तिसरं आणि मोठं नुकसान पकडीचं, पण ते दिसायला सहा महिने लागतात.

सच्छिद्र कोब्याला दोन हात. पहिला पातळ केलेला (किती ते डब्यावर असतं), ब्रशने घासून. तो लगेच शोषला गेला तर दुसरा. ओला प्राइमर दुधाळ दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. पारदर्शक झाल्याशिवाय ओतायचं नाही आणि खळग्यांत प्राइमरची डबकी राहू द्यायची नाहीत. जुन्या टाइलवर किंवा चकचकीत पृष्ठभागावर ओतायचं असेल तर रेतीचे कण असलेलं प्राइमर वेगळं मिळतं.

प्राइमर मारायच्या आधी आणखी एक काम: भिंतींच्या कडेने ५–१० मिमी जाडीची फोमची पट्टी. दारात लाकडी पट्टी ठोकून सीलंटने बंद करा. नळाची, वायरींची भोकं बुजवा. हे मिश्रण पाण्यासारखं वाट काढतं आणि खालच्या मजल्याच्या छतातून ठिबकतं.

उंबरठा
ओतण्याचं काम दोघांत होईल का? चार गोण्यांना किती वेळ मिळतो?

रंधा
दोघं किमान, तिघं बरे. एक कालवणारा, एक पसरवणारा, तिसरा बादल्या आणणारा. कालवल्यापासून वाहतं राहण्याचा वेळ उत्पादनानुसार १०–२० मिनिटं. उकाड्यात याहून कमी. सकाळी लवकर करा, खिडक्या बंद, पंखा बंद, ऊन आत येणार नाही असं बघा. वाऱ्याने वरची साय आधी सुकते आणि तडे जातात.

पाणी मोजूनच. गोणीवर ५ लिटर असेल तर ५ लिटर. बादलीला मार्करने रेघ मारून ठेवा. "जरा पातळ करू, छान वाहील" या मोहात जास्त पाणी घातलं तर जड कण खाली बसतात, वर पांढरट पीठासारखी साय येते, आणि टाइल त्या सायीला चिकटते. पुढे टाइल उचकटून येते तेव्हा तिच्या पाठीला अ‍ॅडेसिव्हसोबत पांढरा पापुद्रा आलेला दिसतो.

आधी पाणी, मग पावडर. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपासच्या मिक्सरने दोन ते तीन मिनिटं, बादलीच्या तळाशी कोपऱ्यातून पाते फिरवून. वेगवान ड्रिलने हवा भरते. मग एक मिनिट थांबा.

समोरच्या भिंतीपासून सुरुवात, दाराकडे या. बादलीचा पट्टा ओतायचा आणि पुढची बादली आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच तिच्यात मिसळेल अशी ओतायची. म्हणून पहिली बादली रिकामी होत असताना दुसरी कालवलेली हवी. मध्ये मिक्सर बंद पडला किंवा पाणी आणायला कोणी खाली गेलं, की सांध्यावर उंचवटा राहतो.

आणि नावावर जाऊ नका. ४ मिमीच्या थरात हे आपणहून खोलीभर लेव्हल होत नाही. उंचीच्या खुणा लागतात. ओतण्याआधी प्रत्येक फुलीवर प्लगमध्ये स्क्रू बसवा, स्क्रूचं डोकं लेझरने ९९१ वर आणा. मिश्रण डोक्यापर्यंत आलं की पुरे. पसरवायला लांब दांड्याचा दातेरी रेक, मग काट्यांचा रोलर एकदा उभा, एकदा आडवा. रोलर पहिल्या काही मिनिटांतच. नंतर फिरवला तर काट्यांचे ठसे तसेच राहतात. चालणाऱ्याच्या बुटांनाही काटे हवेत.

स्क्रू नंतर काढा किंवा डोकं थोडं खाली घ्या. तसेच राहिले तर टाइल बरोबर त्याच्या डोक्यावर टेकते.

पाणसळ
तीन-चार तासांनी त्यावरून चालता येतं, टाइल बहुधा दुसऱ्या दिवशी, पण गोणीवरचा वेळ धरा. त्याआधी ३ मीटरची पट्टी सगळीकडे, तिरकीसुद्धा फिरवा. अमेरिकेच्या एएनएसआय ए१०८ मानकात ३८० मिमीपेक्षा मोठ्या टाइलसाठी ३ मीटरमध्ये ३ मिमी आणि ६०० मिमीमध्ये १.६ मिमी एवढीच सूट आहे. लहान टाइलला ३ मीटरमध्ये ६ मिमी चालतात. तुमची ६०० ची आहे, म्हणजे पहिली अट. पट्टीखाली तीन मिमीचा ठोकळा सरकत असेल तर तिथे अजून काम आहे.

उंच राहिलेली रेघ घासा, बुडबुड्यांचे खळगे अ‍ॅडेसिव्हने भरून एक रात्र सुकू द्या. एवढंच भरण्यासाठी अ‍ॅडेसिव्ह वापरलं तर थापी यांची हरकत नसावी :)

थापी
हरकत नाही, टिचभर जागेत चालतं.

उंबरठा
मग क्लिपा लावायच्याच नाहीत का?

थापी
लावा, पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा नको. क्लिप शेजारच्या दोन कडा एका पातळीत धरून ठेवते, अ‍ॅडेसिव्ह घट्ट होईपर्यंत. खाली खड्डा असेल तर ती टाइल वर उचलते आणि खाली पोकळी ठेवते. वरून सुंदर, खालून पोकळ.

टाइल स्वतःच वाकलेली असू शकते हेही तपासा. दोन टाइलचे चेहरे एकमेकांना लावा. कोपऱ्यांत किंवा मध्ये उजेड दिसला तर तेवढा बाक. आयताकृती लांब टाइल असती तर अर्धी-अर्धी सरकवून न लावता एक-तृतीयांशच सरकवा असं सांगितलं असतं, कारण एकीचा फुगलेला मध्य आणि दुसरीची पडलेली कड शेजारी येतात. तुमची चौरस, सांधे सरळ, त्यामुळे तो प्रश्न नाही.

अ‍ॅडेसिव्हच्या रेघा एकाच दिशेत, सरळ ओढा. गोल गोल ओढल्या की हवा अडकते. टाइलच्या पाठीलाही सपाट कडेने पातळ हात मारा. टाइल रेघांना काटकोनात थोडी पुढे-मागे सरकवून दाबा. दर दहा-बारा टाइलनंतर एक उचलून पाठ बघा. कोरड्या खोलीत किमान ८० टक्के, ओल्या जागेत ९५ टक्के पाठ भरलेली हवी आणि चारी कोपरे तर भरलेच पाहिजेत. चार कोपरे आणि मध्ये एक असे पाच गोळे लावून बसवलेली टाइल उचलली की हे गणित कळतं.

सांधा
भिंतीशी ६ मिमी मोकळी फट ठेवा, तिथे ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरायचा माल) भरू नका. स्कर्टिंग झाकून टाकेल. लेव्हलरच्या वेळी लावलेली फोमची पट्टी टाइलच्या उंचीला कापून टाका, उपटू नका. तुमच्या खोलीत मधला हालचालीचा सांधा लागणार नाही. आतल्या खोल्यांत तो दर ६ ते ७.५ मीटरला लागतो. थेट ऊन पडत असेल तर ते अंतर २.४ ते ३.६ मीटरवर येतं, म्हणून मोठी काच असलेल्या खोलीत आधीच बघून ठेवा.

गुण्या
याच पद्धतीने बाथरूम केलं तर?

पाणसळ
नको. सेल्फ लेव्हलिंग ढाळ धरत नाही, त्याचा स्वभावच सपाट होण्याचा. बाथरूमला रेती-सिमेंटचाच ढाळ: १:५० धरला तर दीड मीटरवरून जाळीपर्यंत ३० मिमी उतार. जाळीकडे चारी बाजूंनी ढाळ असेल तर ६०० ची टाइल त्या चार पातळ्यांवर बसत नाही, कापावी लागते. लहान टाइल घ्या, किंवा एका भिंतीशी लांब पन्हळीची जाळी घेऊन एकाच दिशेला ढाळ द्या. वॉटरप्रूफिंग ढाळाच्या वर, टाइलच्या खाली. पाणी भरून २४ तास ठेवून बघितल्याशिवाय टाइल नाही.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, क्रम ठरला. शेवटचं एक: दार आतल्या बाजूला उघडतं. खालची फट सध्या १२ मिमी आहे. पान आताच तासून घेऊ का?

रंधा
दारापाशी तयार टाइल आजच्या कोब्यापेक्षा १० मिमी वर येणार (९८८ ते ९७८), म्हणजे फट २ मिमी उरते. पण फट पान बंद असतानाची मोजली असेल. पान पूर्ण उघडून ते जिथवर फिरतं तिथवर सगळीकडे रेघेपासून पानाच्या खालच्या कडेचा आकडा घ्या. बिजागऱ्या सैल असतील तर उघडलेलं पान खाली झुकतं आणि हे २ मिमी तिथेच जातात. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा, मग मोजा. कुठेही आकडा ९७३ पेक्षा मोठा आला तर ५ मिमी फट राहील एवढं तासा. लेव्हलर ओतायच्या आधी पान तसंही काढून ठेवावं लागणार आहे, तेव्हाच करा. चौकटीचे पाय मात्र लेव्हलर वाळल्यावर टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून १३ मिमी उंचीवर, म्हणजे ९९१ च्या पृष्ठभागापासून मोजून, हातकरवतीने कापून घ्या. टाइलचा एक तुकडा ४ मिमीच्या ठोकळ्यावर ठेवून त्यावर करवत आडवी धरली की माप चुकत नाही.